जुन्या लोखंडी नांगराचा रंग : कुठे द्यायचा, कुठे मुळीच नाही

ब्रश हातात घेण्याआधी नांगराचे मनातल्या मनात दोन वाटे करा. पहिला वाटा मातीला घासत जाणारा: फाळ, माती उलथवणाऱ्या पंखाची मातीकडची बाजू आणि तासाच्या, म्हणजे नांगराने पडणाऱ्या चराच्या, भिंतीला टेकून सरकणारी पट्टी. दुसरा वाटा मातीच्या वर राहणारा: हळस (पुढची लांब दांडी), रुमणं (धरायची मूठ), मधलं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) अंग, पंखाची पाठ, चाक, पट्ट्या. रंग फक्त दुसऱ्या वाट्याला. पहिल्याला तेल, ग्रीस किंवा मेण. सगळा नांगर फाळासकट लाल किंवा हिरवा करून दारात उभा केलेला जागोजागी दिसतो. असा नांगर पुन्हा काळ्या जमिनीत घातला तर रंगावर माती चिकटते, सुटत नाही, आणि बैलांना किंवा ट्रॅक्टरला विनाकारण जास्त ओढ लागते. नांगर कधीच चालवायचा नसला तरी फाळाची घासून पांढरी झालेली धार हीच त्याने केलेल्या कामाची खूण असते. ती झाकू नये.

महाराष्ट्रात सापडणारे जुने नांगर बहुतेक बिडाच्या ओतकामाचे आणि पोलादी पट्ट्यांचे असतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावला पहिला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष पसरेल या भीतीने शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्याचेही नांगर आले. अशा नांगरांच्या बिडाच्या अंगावर कारखान्याचं नाव आणि नमुन्याचा क्रमांक उठावात ओतलेला असतो. ही अक्षरं म्हणजे नांगराचा सातबारा. ग्राइंडरला दगड किंवा फ्लॅप डिस्क लावून ती घासलीत तर मिनिटभरात जातात आणि परत येत नाहीत.

रंग द्यायचाच का, हे आधी ठरवा

मूळ रंग कुठे कुठे टिकून असेल तर तो खरवडायची घाई करू नका. बोल्टच्या डोक्याखाली, वायसरच्या मागे, दोन पट्ट्यांच्या सांध्यात ऊन-पाऊस पोचलेला नसतो. तिथे धारदार पात्याने रुपयाएवढ्या जागेत थर हलके हलके तिरपे खरवडा आणि भिंगातून बघा. वरचा बाजारी रंग, त्याखालचा आणखी एखादा, मग मूळ रंग, अस्तर (रंगाखालचा प्रायमर), लोखंड असे पट्टे एकामागोमाग दिसतात. मूळ रंग अंगभर निम्म्याहून अधिक शिल्लक असेल तर सौम्य साबणाने धुऊन, वाळवून, मेण लावून ठेवणं हेच योग्य काम. नवा रंग कधीही देता येतो. जुना एकदा गेला की गेला.

नवा रंग द्यायचं ठरलं तर या चाचणीतून सापडलेली छटा लिहून ठेवा, फोटो घ्या, आणि दुकानात तो तुकडाच दाखवून रंग जुळवून घ्या. फोटोवरून रंग जुळत नाही.

एक इशारा इथेच. पूर्वी लोखंडाचा पहिला हात शेंदूर आणि जवसाचं तेल यांचा असे, आणि शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. वरच्या रंगांतही शिसं सर्रास असायचं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे जुन्या थरात शिसं आहे असंच धरून चाला. रंग ब्लोलॅम्पने जाळून काढू नका, शिशाची वाफ छातीत जाते. कोरडा घासू नका, पाणी मारत वॉटर पेपरने घासा. तोंडाला किमान एन-९५ मास्क, खाली ताडपत्री. पडलेली खपली गोळा करून डब्यात बंद करा. अंगणात, गोठ्यात, विहिरीजवळ ती झाडून टाकू नका. लहान मुलं आणि कोंबड्या तिथून लांब.

सुटा करणं

जोडलेल्या नांगराला दिलेला रंग सांध्यांत पोचत नाही, आणि गंज सुरू होतो तो सांध्यातूनच. म्हणून शक्य तितका सुटा करा.

गंजून बसलेल्या नटाला आधी तारेच्या ब्रशने आटे मोकळे करा, मग गंज सोडवणारं तेल लावा. गिअरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं हे मिश्रणही चांगलं झिरपतं, फक्त ते भडकन पेट घेतं. ते लावलं असेल तर जवळपास आग नको. दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवस लावा, मधूनमधून बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्या. तरीही हलला नाही तर लावलेलं सगळं पुसून, सुकू देऊन फक्त नट गॅसच्या टॉर्चने तापवा, बोल्ट नव्हे. नट फुगतो, पकड सुटते. बोल्ट बिडातून जात असेल तर एकाच जागी लाल होईपर्यंत तापवू नका आणि तापलेल्यावर पाणी ओतू नका. बीड असमान तापलं किंवा अचानक निवलं की तडकतं. हातोडाही बिडावर थेट मारू नका, मध्ये लाकूड धरा.

नवे बोल्ट घेताना आट्याकडे लक्ष द्या. जुन्या नांगरांचे आटे बहुधा विटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, असतात. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची विटवर्थ बोल्टला इंचाला १२ आटे. अमेरिकी यूएनसी मापाला १३. आजच्या मेट्रिक एम-१२ बोल्टची जाडीच १२ मिलिमीटर, आणि आट्यांतलं अंतर १.७५ मिलिमीटर. पहिले दोन फेरे बसतात, मग अडतं, आणि पान्याने जोर लावला की जुन्या नटाचे आटे उडतात. एक जुना नट सोबत नेऊन दुकानातच फिरवून बघा. फाळाचे बोल्ट सपाट डोक्याचे, चौकोनी मानेचे असतात, ते साध्या षटकोनी बोल्टने बदलू नका. वर आलेल्या डोक्यावर माती अडते.

सुटे भाग करताना तडे शोधून घ्या, कारण रंगाखाली तडा झाकला जातो. बिडाचा भाग दोरीला टांगून छोट्या हातोडीने वाजवा. घणघणीत आवाज आला तर अंग एकसंध, बद्द वाजलं तर संशय. संशय असेल तिथे रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड लावा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीत बारीक काळी रेघ उमटते. असा तडा साध्या रॉडने वेल्डिंग करून बुजवू नका, शेजारी नवा तडा जातो. बिडाचं काम जाणणाऱ्याकडून पितळी ब्रेझिंग किंवा निकेल रॉडने, अंग आधी गरम करून घ्यावं.

गंज काढणं

सारा जीव इथे आहे. महाग रंगाचा डबा वाईट तयारीवर दोन पावसाळे टिकत नाही, आणि साधा सिंथेटिक इनॅमल चांगल्या तयारीवर वर्षानुवर्षे टिकतो.

आधी माती, शेण, जुनं ग्रीस गरम पाणी आणि कपड्यांच्या साबणाने धुऊन काढा. बिडाला सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांत तेल मुरलेलं असतं. वरून कोरडं दिसणारं बीड उन्हात तापलं की तेल पुन्हा वर येतं. म्हणून धुणं, उन्हात तापवणं, थिनरच्या फडक्याने पुसणं हे चक्र दोन-तीनदा करा. फडकं पांढरंच राहिलं की झालं.

गंज काढायला सर्वांत सोयीचा घरगुती मार्ग म्हणजे विजेचा. त्यात बिडाची अक्षरं जशीच्या तशी राहतात. वर कापलेला प्लास्टिकचा ड्रम घ्या, लोखंडी नको. शंभर लिटर पाण्यात अर्धा किलो धुण्याचा सोडा विरघळवा. नांगराचा भाग मध्ये टांगा. चारी बाजूंना साध्या लोखंडाच्या सळया किंवा पट्ट्या उभ्या करा आणि एकमेकींना तारेने जोडा. त्या नांगराला कुठेही टेकता कामा नयेत. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार (काळी) नांगराला आणि धन तार (लाल) सळयांना. उलटं जोडलंत तर गंज नांगराऐवजी सळयांचा निघेल आणि नांगर खाल्ला जाईल. तार जोडायच्या जागी नांगर कानशीने चकचकीत करा, गंजावर जोड बसत नाही. आपोआप बंद-चालू होणारे नवे चार्जर समोर बॅटरी नसली की सुरूच होत नाहीत. जुना, साधा चार्जर लागतो.

पाच ते दहा अँपिअरवर बारा ते चोवीस तास पुरतात. लोखंडाभोवती बारीक बुडबुडे आणि वर तपकिरी फेस आला की काम चालू आहे. गंज सळयांच्या समोरच्या बाजूचा आधी निघतो, म्हणून मध्येच भाग फिरवा. बुडबुडे हायड्रोजनचे आहेत: काम उघड्यावर करा, जवळ बिडी-काडी नको, तारा लावण्या-काढण्याआधी चार्जर बंद करा. सळया स्टेनलेस स्टीलच्या कधीच नकोत, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. जस्ताच्या पत्र्याचे तुकडेही नकोत. ‘लवकर होईल’ म्हणून मीठ टाकू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि मिठाचे कण बिडाच्या छिद्रांत बसतात.

बाहेर काढलेलं बीड काळं, काजळी लागल्यासारखं दिसतं. बोटाने पुसलं तर काळा लेप निघतो आणि खाली राखाडी लोखंड दिसतं. तो लेप तारेच्या ब्रशने वाहत्या पाण्यात धुवा, लगेच पुसा, आणि उन्हात किंवा गरम हवेने पूर्ण वाळवा. ओलं राहिलेलं लोखंड अर्ध्या तासात केशरी व्हायला लागतं.

ड्रममध्ये न मावणाऱ्या हळशीसारख्या भागांना मळीचा उपाय आहे. जनावरांच्या खाद्यासाठी मिळणारी उसाची मळी एक भाग, पाणी नऊ भाग, जुन्या प्लास्टिकच्या नळात किंवा प्लास्टिक अंथरलेल्या चरात. आठवडा ते तीन आठवडे लागतात. वास येतो, माश्या होतात, पण मेहनत शून्य. दर तीन-चार दिवसांनी उचलून बघा.

संडास धुण्याचं ॲसिड बिडावर वापरू नका. गंज झटपट जातो हे खरं, पण क्लोराइड छिद्रांत मुरतं आणि रंगाखालून फोड आणतं. फॉस्फरिक ॲसिडचा गंज-बदलक द्रव बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी ठीक आहे, पण पातळ लावा. जाड लावला तर पांढरी भुकटी वर येते. ती पुसली नाही तर रंग तिच्यासकट निघतो.

ग्राइंडरवरच्या तारेच्या ब्रशबद्दल एक गोष्ट अनुभवी कारागीरही विसरतात. फिरता ब्रश गंज काढतो त्यापेक्षा जास्त चोपडून ठेवतो. खपली जाते, पण उरलेला गंज दाबला जाऊन काळा-चकाकता थर होतो आणि डोळ्याला तो लोखंडासारखाच वाटतो. त्यावर रंग धरत नाही. ओळखायची सोपी रीत: ८० नंबरचा पॉलिश पेपर दोन-चार वेळा घासा. तपकिरी पूड निघाली तर गंज आहे, राखाडी निघाली तर लोखंड. गंज काढून झाल्यावरही सगळ्या रंगवायच्या भागाला ८० नंबरने ओरखडे द्याच, चकचकीत अंगाला अस्तर पकडायला काही नसतं. ब्रशवर लिहिलेली कमाल गती ग्राइंडरच्या गतीपेक्षा कमी नसावी, आणि गॉगल हवाच. सुटलेली तार सुईसारखी घुसते.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर जवळच्या एमआयडीसीत ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने कणांचा मारा) करून घ्या. वाळूने करू नका म्हणून सांगा. वाळूच्या धुळीने कामगाराला सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. तांब्याची स्लॅग किंवा गार्नेट वापरतात. ब्लास्टिंग झाल्यावर अस्तर त्याच दिवशी बसलं पाहिजे. फाळ आणि पंखाची घासलेली बाजू मात्र आधी जाड टेपने झाका.

अस्तर आणि रंग

किती लागेल? बैलांच्या एका नांगराचं रंगवायचं क्षेत्र साधारण एक ते दीड चौरस मीटर. लिटरमध्ये दहा चौरस मीटर एक हात होतो असं धरलं तर एका हाताला दीडशे मिली. अस्तराचा अर्धा लिटर आणि रंगाचा अर्धा लिटर, प्रत्येकी दोन हातांना भरपूर.

घराबाहेर राहणाऱ्या नांगराला झिंक फॉस्फेटचं अस्तर घ्या. दुकानदार रेड ऑक्साइड–झिंक क्रोमेट पुढे करतो. तेही चालतं, पण क्रोमेट कर्करोगाला कारण ठरतं, त्यामुळे त्याची धूळ आणि फवारा टाळायचा आणि ते ब्रशनेच लावायचं. दोन डब्यांचं इपॉक्सी अस्तर सर्वांत टिकाऊ, पण मिसळल्यावर ठरावीक वेळातच संपवावं लागतं आणि पुढचा हातही डब्यावर दिलेल्या वेळेतच मारावा लागतो. वेळ टळली तर आधी घासावं लागतं. एका नांगरासाठी साधं अस्तर पुरेसं आहे.

थिनर चुकवू नका. सिंथेटिक इनॅमल आणि त्याच्या अस्तराला मिनरल टर्पेंटाइन. एनसी थिनर (लॅकरचं) त्यात घातलं तर खालचा थर फुगून सुरकुततो. ब्रशने लावताना पाच ते दहा टक्क्यांपेक्षा जास्त पातळ करू नका. डबा तळापासून ढवळा, जड रंगद्रव्य खाली बसलेलं असतं. मग जुन्या सुती कापडातून गाळून घ्या.

पहिल्या हाताआधी फक्त कडा, बोल्टची छिद्रं, खाचा आणि ओतकामाचे कोपरे छोट्या ब्रशने रंगवून घ्या. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, म्हणून तिथे थर सर्वांत पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. कडेला हा जादा हात दिला की ती कमतरता भरून निघते. मग अंगभर अस्तराचा एक हात, रात्रभर वाळवण, २२० नंबरने हलकं घासणं, पुसणं, दुसरा हात. खड्डे लांबी (पुट्टी) भरून सपाट करू नका. ओतकामाचा खडबडीतपणा हेच त्याचं रूप आहे, आणि जाड लांबी कंपनांनी तडकते. अस्तर हे शेवटचं आवरण नव्हे. नुसत्या अस्तरावर पावसात ठेवलेला नांगर काही आठवड्यांत गंजायला लागतो, कारण त्या थरातून पाणी झिरपतं.

इनॅमलचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे. जाड हाताला ओघळ येतात, वरची साय वाळते, आतला रंग ओला राहतो, आणि त्यावर दुसरा हात पडला की सगळं सुरकुततं. दोन हातांत किमान एक रात्र. बोट टेकवून चिकट लागलं तर थांबा. पूर्ण कडक व्हायला सात दिवस लागतात, तोवर बोल्ट आवळू नका आणि भाग एकमेकांवर रचू नका.

हवामान पाहूनच काम काढा. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) तीन अंश तरी वर हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली. घाटमाथ्यावर आणि देशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, सकाळी दहानंतर आणि चारच्या आत. संध्याकाळी मारलेल्या रंगावर दव पडलं की सकाळी चकाकी दुधाळ होऊन बसते. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या लोखंडावर रंग बुडबुडतो, ब्रशचे माग राहतात, सावलीत करा. कोकणात आणि गोव्यात हवेतलं मीठ अंगावर बसतं, म्हणून अस्तराआधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणं तिथे सोडता येत नाही.

उठावाची अक्षरं वेगळ्या रंगात हवी असतील तर सात दिवसांनी करा. सपाट लाकडी ठोकळ्याला सुती कापड ताणून गुंडाळा, त्यावर थोडा रंग लावून आधी कागदावर टेकवून जादा काढा, आणि ठोकळा अक्षरांवरून न दाबता सरळ फिरवा. फक्त अक्षरांच्या माथ्यावर रंग बसतो. ब्रशने अक्षर गिरवलं की कड वाकडी होतेच.

न रंगवायचा भाग

फाळ आणि पंख यांवरचा गंज १२० मग २४० नंबरच्या पेपरने काढा, आणि घासायची दिशा मातीच्या वाटेचीच ठेवा, म्हणजे फाळाच्या टोकाकडून पंखाच्या शेपटाकडे. आडवे ओरखडे राहिले तर चिकट काळी माती त्यांतच धरते. रॉबर्ट रॅन्समने इंग्लंडमध्ये १८०३ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीचे बिडाचे फाळ खालून थंड साच्यावर ओतलेले असतात. खालची बाजू कडक, वरची मऊ, त्यामुळे झिजतानाच धार निघते. असा फाळ हाती आला तर खालची बाजू ग्राइंडरने घासू नका आणि भट्टीत घालू नका. कडकपणा गेला की धार टिकत नाही.

चालत्या नांगराला हंगाम संपल्यावर नवं ग्रीस जाडसर लावा. इंजिनचं काळं तेल वापरू नका, त्यात जळणातून आलेली आम्लं आणि धातूचे कण असतात, आणि पेरणीला ते जमिनीत जातं. शोभेच्या नांगराला मेण: एक भाग मधमाशीचं मेण आणि तीन भाग टर्पेंटाइन, भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा, थेट ज्योतीवर नाही. उन्हात कोमट झालेल्या लोखंडावर फडक्याने पातळ लावा, अर्ध्या तासाने चोळा. पारदर्शक लॅकर टाळा. त्याला ओरखडा पडला की गंज त्याखालून धाग्यासारखा पसरतो आणि सगळा थर खरवडल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

साखळीला रंग देऊ नका, कड्या घासून तो पहिल्याच दिवशी उडतो. कोमट साखळी बेल तेलात (उकळलेल्या जवसाच्या तेलात) बुडवून, निथळून, फडक्याने पुसून टांगून ठेवा. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटतं. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

लाकडी रुमणं किंवा हळस लोखंडात बसते तिथे लाकूड काळं पडलेलं दिसतं. बाभळीच्या लाकडातलं टॅनिन आणि ओलं लोखंड यांची ती शाई आहे. बसवण्याआधी लोखंडी खोबणीला अस्तराचे दोन हात आणि लाकडाच्या टोकाला बेल तेल द्या. चाकाच्या आसाला रंग नको, ग्रीस.

ठेवण

नांगर जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, दोन विटांवर लाकडी फळी टाकून उचलून ठेवा. खताच्या पोत्यांजवळ तर मुळीच नाही. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि युरियाही हवेतलं पाणी ओढून घेतो. त्या खोलीतलं लोखंड बिनापावसाचंही गंजतं. गोठ्यातल्या गोमूत्राच्या वाफेचंही तेच.

दर वर्षी मे महिन्यात एक फेरी: ओल्या फडक्याने पुसा, बोल्टची डोकी आणि कडा बघा, रंग उडालाय तिथे ८० नंबरने घासा, अस्तर, मग रंग. डब्यातला उरलेला अर्धा रंग यासाठीच. झाकण घट्ट बसवून डबा क्षणभर उलटा करून ठेवा, म्हणजे झाकणाच्या कडेला रंगाची सील बसते आणि पुढच्या मेपर्यंत साय धरत नाही.